एका रेषेत कापलेलं कुंपण

तुमच्या घरात डास आहेत का, असं कोणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे. आहेत, पण आमचे नाहीत. कोणी समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे बोट दाखवतं, कोणी मागच्या गॅरेजकडे, कोणी गल्लीच्या तोंडावरच्या गटाराकडे. सगळ्या गावाला डास चावतात, पण स्वतःच्या घरचा डास मात्र अजून कोणी पाहिलेला नाही. ज्या गृहस्थांची ही गोष्ट आहे त्यांनी तो पाहिला. पाहिल्यावर त्यांनी जे केलं ते तुमच्या-माझ्या हातून झालं असतं का, याची मला शंका आहे, म्हणूनच ते सांगायला बसलो आहे.

हे गृहस्थ बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. चौतीस वर्षं त्यांनी सरळ रेषा काढल्या. वाकडं काही त्यांना खपत नसे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर बोटाने सरळ करत आणि मगच खुर्चीत टेकत. कचेरीत त्यांना 'ओळंबा' म्हणायचे. भिंत सरळ चढते आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. पुढे गल्लीत त्याचं 'ओळंबेकाका' झालं, आणि नव्याने राहायला आलेल्या माणसांना ते त्यांचं आडनावच वाटू लागलं. काकांनीही कधी ते दुरुस्त केलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागची मोकळी जागा हातात घेतली. तिथे त्यांनी जी बाग उभी केली ती खरोखर पाहण्यासारखी होती. वाफे दोरी लावून आखलेले, दोन रोपांमधलं अंतर पट्टीने मोजलेलं. वाळलेलं पान जमिनीवर पडायच्या आत उचललं जायचं, असं काकू म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच होती. सहा वर्षांच्या नातीला तिथे झोपाळा बांधून दिला होता आणि शाळेतून आली की ती दप्तरासकट आधी झोपाळ्यावर बसायची.

डासांच्या बाबतीत काकांचं एक तत्त्व होतं. धूर नाही, विषारी फवारा नाही. धुराने नातीला खोकला सुटायचा, आणि ज्या फवाऱ्याने डास मरतो त्याने मधमाशीही मरते हे त्यांनी वाचलं होतं. म्हणून त्यांनी नैसर्गिक उपायांचा नुसता सपाटा लावला. गवती चहाची रांग, झेंडूची रांग, पुदिन्याचा वाफा, दर रविवारी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी. कुंड्यांखालच्या बशा त्यांनी केव्हाच टाकून दिल्या होत्या. बागेत एक फुटकी बादली किंवा रिकामा डबा तुम्हाला शोधून सापडला नसता. विषाला हात न लावता बाग राखायची ही त्यांची जिद्द कौतुकाचीच होती, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांची चूक सांगायची आहे.

बागेच्या मागच्या अंगाला एक लाँड्री होती. लाँड्रीवाला, त्याची बायको आणि दोन मुली असं कुटुंब. तो कपडे धुवायचा, बायको इस्त्री करायची, आणि मागच्या अंगणात एक मोठा उघडा हौद होता. तो हौद काकांच्या डोळ्यांत खुपायचा. उघडं पाणी म्हणजे डास, त्यात आणखी काय सिद्ध करायचं? दोन वर्षांपूर्वी त्यांनी मध्ये बांबूचं कुंपण घालून घेतलं. चांगलं सात फूट उंच, मनगटाएवढे जाड शहाण्णव बांबू एकाला एक लावलेले, वरची टोकं एका रेषेत, केसाचाही फरक नाही. त्यावर लसणाच्या वासाचा वेल चढवला, म्हणजे लाँड्रीतला डास वासानेच माघारी फिरेल. वेल हिरवागार राहावा म्हणून रोज सकाळी ते नळी धरून त्याला वरपासून खालपर्यंत न्हाऊ घालत.

तरी डास हटेनात. आणि गेल्या महिन्यात नात तापाने फणफणली. डेंग्यू निघाला. पाच दिवस ती दवाखान्यात होती, इवल्याशा हाताला सलाइन लावलेलं, आणि काका दिवसभर तिच्या उशाशी बसून प्लेटलेट्सचा आकडा ऐकायला डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहायचे. पोर बरी होऊन घरी आली, पण काकांच्या मनातली भीती काही गेली नाही. तिचा राग झाला. रागाला कोणीतरी माणूस लागतो, आणि तो कुंपणापलीकडे तयारच होता.

काका हात धुऊन लाँड्रीच्या मागे लागले. त्यांनी आरोग्य खात्याला तक्रार लिहिली आणि तिला नकाशा जोडला. तो नकाशा मी पाहिला आहे. हौद, कुंपण, बाग, नातीची खिडकी, सगळं मापासकट, आणि हौदाकडून खिडकीकडे जाणारा लाल बाण. गल्लीतल्या एकोणीस घरांनी तो नकाशा पाहून सह्या केल्या. हौद बंद होईपर्यंत लाँड्रीत कपडे टाकायचे नाहीत असंही खाली लिहिलं होतं. इतक्या सुबक नकाशावर अविश्वास कोण दाखवणार?

आठवड्यात लाँड्रीच्या फळ्या रिकाम्या पडल्या. हौद गेला तर धंदा गेला, कारण दुसरीकडे पाणी नव्हतं, आणि हौद राहिला तरी गिऱ्हाईक परत येईल याची खात्री नव्हती. लाँड्रीवाल्याची बायको थंड इस्त्रीजवळ नुसती बसून असे. काकूंना ते खिडकीतून दिसायचं. त्या एकदा म्हणाल्याही, की हौदात डोकावून तरी पाहायचं होतं आधी. काका म्हणाले, तज्ज्ञ येऊन पाहतील.

तज्ज्ञ गुरुवारी सकाळी दहाला आल्या. पन्नाशीच्या बाई, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. पिशवीत एक लांब दांड्याची पांढरी पळी, पांढरं भांडं, विजेरी, काडीला लावलेला छोटा आरसा आणि रबरी फुगा बसवलेली नळी. सोळा वर्षं त्या घरोघर फिरून साठलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या शोधत होत्या. या काळात लोकांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं, एका कुत्र्याने पोटरी फोडली, आणि वस्तीने त्यांचं नाव अळीताई ठेवलं. तेच नाव त्या स्वतःही फोनवर सांगत. काम आवडलं की माणसाला अशा नावाचंही काही वाटत नाही.

काकांच्या आग्रहावरून आधी हौद पाहायचं ठरलं. काका साक्षीला होते, काकू मागे होत्या. लाँड्रीवाला हौदाशेजारी उभा होता, चेहरा उतरलेला. अळीताईंनी पळी हळूच पाण्यात तिरकी घातली, वर काढली, उन्हात धरली. काही नाही. कोपऱ्यातलं पाणी घेतलं, सावलीतलं घेतलं. दहा पळ्या झाल्या तरी एक अळी नाही. काका म्हणाले, आज येणार हे कळल्यावर घासला असेल. ताईंनी आपली वही उघडून दाखवली. धंद्याचा हौद म्हणून तीन वर्षांत बारा वेळा त्या न कळवता आल्या होत्या, आणि बाराही वेळा 'निरंक'.

लाँड्रीवाला दर चौथ्या दिवशी हौद पूर्ण रिकामा करायचा. नुसता रिकामा नाही, भिंती काथ्याने घासायचा. ताईंनी काकांना त्यामागचं कारण सांगितलं. डासाची मादी अंडी पाण्याच्या कडेला भिंतीवर चिकटवते, पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात, आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. पलीकडच्या पिंपात पाणी कायम भरलेलं असायचं, त्यात त्याने गप्पी मासे सोडले होते. त्या पाण्यात ते मजेत फिरत होते आणि अळी दिसताच तिचा फडशा पाडायला मोकळे होते. न शिकलेला माणूस म्हणून ज्याच्याशी काका दोन वर्षांत चार शब्द बोलले नव्हते, त्याने नैसर्गिक उपायांचं पुस्तकच तिथे मांडलेलं होतं.

"आता तक्रारदाराची जागा," अळीताई म्हणाल्या. नियमच होता तसा.

काका उत्साहाने पुढे झाले. आपली बाग दाखवायला त्यांना कोणी सांगावं लागत नसे. ताईंनी वाफे पाहिले, कुंड्या पाहिल्या, नळाखालची जागा पाहिली, पन्हळीतही आरसा घालून पाहिलं. कुठेही थेंब साठलेला नाही. त्यांनी मनापासून सांगितलं, की सोळा वर्षांत इतकी नेटकी बाग त्यांनी पाहिली नव्हती. काकांनी काकूंकडे असं पाहिलं की बघ, मी काय म्हणत होतो.

आणि तेवढ्यात ताईंच्या हाताला डास चावला. भर दिवसा, सकाळच्या अकराला. त्यांनी तो चापटीने टिपला, तळहातावर घेऊन पाहिला. पायांवर पांढरे पट्टे, म्हणजे डेंग्यू पसरवणाराच डास. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. वेलाच्या दाट पानांखाली, सावलीत, आणखी चारपाच बसलेले होते. ताईंची नजर वेलावरून हळूहळू वर गेली, थेट कुंपणाच्या टोकापर्यंत.

"काका, एक स्टूल मिळेल का?"

स्टुलावर चढून त्यांनी पहिल्या बांबूच्या टोकावर आरसा धरला. मग फुगा दाबून नळी बांबूत सोडली, पाणी ओढलं आणि पांढऱ्या भांड्यात रिकामं केलं. दुसरा बांबू, तिसरा, चौथा. दहा बांबूंपैकी सात भरलेले निघाले. त्या खाली उतरल्या आणि भांडं काकांसमोर धरलं.

काकांनी चष्मा पुसला. पाणी अगदी नितळ होतं. तळाशी बारीक काळपट दोऱ्याचे तुकडे दिसत होते. आणि ते तुकडे वळवळत होते! एक नाही, दोन नाही, भांडंभर अळ्या, वर येत होत्या आणि डोकं खाली घालून पुन्हा बुडी मारत होत्या! हौदाच्या दहा पळ्यांत एक सापडली नव्हती, आणि इथे मोजायला बोटं पुरेनात!

"पण हे घाण पाणी नाही," काका म्हणाले. "नळाचं आहे. रोज सकाळी मीच तर वेलाला..." आणि ते अडखळून नळीकडे पाहू लागले. आपलंच वाक्य आपल्या कानांनी ऐकलं की असं होतं.

अळीताई समजुतीने बोलल्या. आवाजात टोचणी नव्हती, जराशी थट्टा होती.

"घाण पाणी हा डास घेतच नाही, काका. त्याला तुमच्यासारखंच स्वच्छ लागतं. घरात, सावलीत, कोणी हलवणार नाही असं. बांबूची नळी त्याला फारच सोयीची."

"आणि हा वेल? याच्या वासाने..."

"वेल नुसता उभा राहून कोणाला हाकलत नाही. पान चुरगळलं तर वास सुटतो, तोही घटकाभर. दाट पानांत उलट डासच दुपारची विश्रांती घेतात. झाडं लावा, हवी तेवढी लावा, बागेला शोभा आहे. पण डास दूर ठेवायचा खरा नैसर्गिक उपाय एकच. त्याला सलग आठवडाभर पाणी मिळू द्यायचं नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तुम्ही त्याआधी पाणी ओतलंत, कडा घासल्यात, की तो जन्माला येत नाही. धूर नको, औषध नको. फक्त आठवड्याला एक फेरी, आणि ती आपल्याच घरातून सुरू करायची."

आता काकूंना राहवलं नाही. "अहो, तो बांबूवाला कारागीर तीनदा सांगत होता. गाठीला लागूनच कापू द्या साहेब, टोकं वर-खाली होतील पण आत पाणी राहणार नाही. तुम्ही दोरी ताणलीत आणि म्हणालात, एका रेषेत काप."

काकांना ते आठवलं. प्रत्येक बांबूची गाठ वेगळ्या उंचीवर येते. टोकं सरळ दिसण्यासाठी त्यांनी सगळे बांबू दोन गाठींच्या मधे कापायला लावले होते, आणि त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यावर वीतभर खोल पेला तयार झाला होता. शहाण्णव पेले. रेष मात्र सरळ होती! दोन वर्षं ते खालून तिच्याकडे अभिमानाने पाहत होते. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं, मग नातीच्या खिडकीकडे. मधलं अंतर त्यांना मोजावं लागलं नाही. नकाशात त्यांनीच ते लिहिलं होतं, अकरा पावलं. ते त्याच स्टुलावर बसले. पाच दिवस ज्या पोरीच्या उशाशी ते जिवाच्या आकांताने बसले होते, तिला आजारी पाडणारं पाणी रोज सकाळी त्यांच्याच हाताने भरलं जात होतं.

वाचकहो, इथे गोष्ट दाबून टाकणं फार सोपं होतं. पाहिलं होतं तिघांनी. काकू बोलणाऱ्या नव्हत्या, अळीताईंचा अहवाल फायलीत गेला असता. बांबूंत गुपचूप वाळू भरली असती आणि काही दिवसांनी गल्ली सगळं विसरून गेली असती. लाँड्री मात्र तोवर बंद पडली असती. एवढ्या मोठ्या वयात, एवढ्या मानाच्या माणसाला मान खाली घालणं किती जड जातं हे आपण सगळे जाणतो.

काका पाच मिनिटं बसले. मग उठले आणि म्हणाले, "ताई, ते भांडं मला दोन तास द्या."

भांडं दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू न देता, ते घराबाहेर पडले. एकोणीस घरं. प्रत्येक दारात त्यांनी भांडं पुढे केलं आणि तेच सांगितलं. या अळ्या माझ्या कुंपणात निघाल्या. हौदात एकही नाही. मी चुकलो, आणि माझ्या सांगण्यावरून तुम्ही सही केलीत ती कृपा करून खोडा. कोणी अवाक झालं, कोणी तोंड फिरवून हसलं. एकाने घाईघाईने आपल्या स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे ओढला आणि पांढराफटक पडून परत आला. कोपऱ्यावरच्या घरातले गृहस्थ म्हणाले, जाऊ द्या हो, आता कोण त्या लाँड्रीवाल्याला सांगत बसणार, आणि तुमच्या नकाशात तर सगळं स्पष्ट होतं.

"नकाशा बरोबर होता," काका म्हणाले. "बाण उलटा होता."

एकोणीसही सह्या खोडल्या गेल्या. दुपारी एकच्या सुमारास काका त्या कागदासह लाँड्रीत शिरले. दोन वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या दाराने. रिकाम्या फळ्यांखाली लाँड्रीवाला बसला होता, बायको इस्त्रीच्या टेबलाशी. काकांनी कागद त्याच्यापुढे ठेवला, भांडं दाखवलं आणि जे घडलं ते एकही शब्द न गाळता सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या पोटावर मी पाय दिला. मला माफ करा." त्यांच्या वयाच्या निम्म्या माणसाला ते प्रथमच 'तुम्ही' म्हणत होते.

लाँड्रीवाल्याने भांड्यात वाकून पाहिलं. त्याच्या बायकोनेच विचारलं, "तुमची नात बरी आहे ना आता?"

"आहे. झोपाळ्यावर बसते परत."

"त्याच आठवड्यात आमची धाकटीही तापात होती, काका," लाँड्रीवाला म्हणाला. "सहा दिवस. मला वाटलं, माझ्याच हौदात कुठे कमी राहिलं असेल. म्हणून तेव्हापासून चौथ्याऐवजी तिसऱ्या दिवशी रिकामा करतो."

काकांनी मान खाली घातली आणि ते रडले. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून, लहान मुलासारखे रडले. दोन घरं, दोन आजारी पोरी, मधे एकच कुंपण. एका बापाने हौद घासला होता आणि एका आजोबाने तक्रार लिहिली होती. लाँड्रीवाल्याच्या बायकोने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, अळ्यांचं भांडं आधी बाहेर कोरड्या मातीवर ओतून या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्टुलावर चढून बांबूंत वाळू भरत होते आणि पलीकडून लाँड्रीवाला घमेली वर देत होता. आता त्या गल्लीत दर गुरुवारी प्रत्येक घरात दहा मिनिटांची फेरी होते, आणि अळीताईंच्या वहीत एकामागून एक घर 'निरंक' होत चाललं आहे. फळ्या पुन्हा कपड्यांनी भरल्या आहेत.

चूक कोणाच्याही हातून होते. ती पांढऱ्या भांड्यात घेऊन एकोणीस दारांत उभं राहणारा माणूस मी तरी हा एकच पाहिला, आणि त्याच्यापुढे माझी मान आदराने लवते. नागरिकहो, डास जन्माला यायला फार पाणी लागत नाही, बांबूच्या डोक्यावरचं चमचाभर पुरतं, आणि तो चावताना कुंपणाची अलीकडची-पलीकडची बाजू पाहत नाही. म्हणून आठवड्यातून एक दिवस, दहा मिनिटं काढा. आधी आपल्या घरात पाहा, मग शेजाऱ्याला हाक मारा. आणि तक्रार लिहायची वेळ आलीच, तर ती दोघांनी मिळून लिहा.